मामाच्या छातीवर

प्रिय आक्का,

तू गेल्यापासून तुला लिहायचं टाळतच आलो. उद्या बघू, परवा बघू. आज लिहितोय कारण पळायला जागाच न्हाई! तुझी लेक माझ्या उघड्या छातीला फडक्यानं बांधलेली आहे, अन् मोबाईल दवाखान्यातल्या सिस्टरनं बाहेर ठेवायला लावला.

व्हय, तुझी लेक. सातव्या महिन्यातच आलेली. तिचं तोंड बघायच्या आधीच गेलीस तू. पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, मग बोलली काहून न्हाईस गं? मी कामापायी गावोगाव फिरत होतो, मला कधी वारंगा फाट्यावर, कधी वसमतला फोन करून "जेवलास का" तेवढं विचारत राहिलीस!

सिस्टर म्हणाल्या, "काचेच्या पेटीतून बाहेर काढलंय, आता हिला माणसाची ऊब पाहिजे. आई न्हाई तर बाप, आजी, घरचं कोणीही चालेल." दाजी खोलीबाहेर भिंतीकडं तोंड करून बसलेले. "मला न्हाई बघवत तिच्याकडं." अन् तुझी सासू? "आईला खाऊन आली. जगली तरी अधूच राहणार."

माझं डोकंच सटकलं, आक्का! म्हणलं, "मी घेतो."

म्हातारी कडाडली, "बाप्या माणसानं लेकरू उरी लावायचं? हट्टा गावात लोक हसतील!"

"हसू द्या. जावळ काढायला मामाची मांडी चालती, मग छातीनं काय घोडं मारलं?"

म्हातारी तणतणत निघून गेली. पण सिस्टर कुठल्या सोडतात! "मामा, आधी अंघोळ करून या. हळदीच्या ढिगात लोळून आलात व्हय?" खरंच, वसमतला हळद शिजवायच्या कामावर होतो. तिथला मुकादम म्हणजे एक नमुना, दिवसभर गाणी म्हणायचा अन्... काय सांगत होतो? हां. ठेवली छातीवर, तर भीतीनं मी श्वासच घेईना. सिस्टर म्हणाल्या, "घ्या हो श्वास, तिला तोच ऐकायचाय."

आता छातीवरचे केस मुठीत धरून ओढती. अधू म्हणे!

घरी नेल्यावर बी काम संपत न्हाई म्हणतात. डोळ्याचा पडदा तपासायचा, कान तपासायचे, चालायला-बोलायला उशीर झाला तर दाखवायचं, कैक वर्षं. मी तर शाळेत बी टिकलो न्हाई. पण ऐक, फिरणं सोडणार न्हाई मी, तिच्या तपासण्यांपायी फिरन. एक तारीख चुकवणार न्हाई. चष्मा लागला तर चष्मा. उशिरा चालली तर उशिरा. अन् अधू म्हणणाऱ्यांच्या दारावरून तिला खांद्यावर बसवून मिरवीन, हा शब्द देतो!

थांब. दारात कोणीतरी आलंय. दाजी! इतक्या दिवसांत एकदा बी आत आले नव्हते. हात धुऊन आलेत, पाणी गळून राहिलं. शर्टाची बटनं काढतायत. म्हणून राहिलेत, "पव्या, हिची मान कशी धरायची रे?"

पुरे करतो. दाखवायला दोन्ही हात लागतील.

तुझा,
पव्या