मधली गोधडी

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार

परत कॉफी मीच केली! वर्गात 'क्लायंट' म्हटलं की सगळ्यांसाठी कॉफी करायची, हा आमच्या शिक्षिका आल्विनाबाईंचा नियम. "क्लायंट वकिलांना असतात. आपल्याला नातेवाईक असतात," असं त्या दर वेळी म्हणतात आणि आपला कप पुढे करतात. एक्केचाळिसाव्या वर्षी आमच्या अमेरिकन आदिवासी वस्तीच्या कॉलेजात समाजकार्य शिकायला बसलेय, जीभ एवढ्या लवकर थोडीच वळणार!

"फिलो, म्हण की अजून एकदा, मला दुसरा कप हवाय," — एमरी. वर्गातलाच, माझ्या मावसबहिणीचा नवरा. मेहुणीला चिडवणं हा आमच्यात त्याचा हक्कच, आणि तो हक्क बजावण्यात त्याने कधी आळस केलेला नाही.

पण खरी बातमी — मला पहिलं काम मिळालं. वस्तीतल्या ओपल आजीची दोन नातवंडं. शायला सात वर्षांची, टेट चारचा. आई गेल्या वर्षी वारली, बाप डेल्मर लांब रस्त्याच्या कामावर होता, तेव्हापासून पोरं शहरात परक्यांच्या घरी आहेत. आता डेल्मर ते काम सोडून आलाय, सासूच्या अंगणात ट्रेलर लावून राहतोय. दोघं मिळून पोरं परत मागताहेत. शहरातलं बालकल्याण ऑफिस नाही म्हणतंय. आठ एप्रिलला कोर्ट. कॉलेजतर्फे घराचा अहवाल मी लिहायचा. मी!

६ फेब्रुवारी

शहरातल्या ऑफिसचा अहवाल वाचला. नकाराचं कारण एका ओळीत: "जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघत नाही. घरात वैर."

मलाही चार वर्षांची असताना याच ऑफिसने वस्तीतून उचलून नेलं होतं. "तुझ्या बापाने घर नासवलं होतं," एवढंच मला वाढवणारी शहरातली आई सांगायची. एकोणिसाव्या वर्षी परत आले तोवर माझी खरी आई आणि तिची आई, दोघी गेलेल्या. बाबा होते. दर रविवारी त्यांना मक्याचं सूप नेते, भांडी आवरते, निघते. काही विचारत नाही. तेही सांगत नाहीत.

बाईंचा दुसरा नियम — स्वतःचे कागद वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या कागदांना हात लावायचा नाही. माझे कागद, मला नेलं तेव्हाचे, मागवले, सप्टेंबरात आले. पाकीट पिठाच्या डब्यामागे आहे. बाईंना म्हटलं, वाचले. खोटं.

१० फेब्रुवारी

लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

फॉर्मवर होतं: घरातल्या सर्व मोठ्यांशी समोरासमोर बोलणं. मी आपली शहाणी! ओपल आजीच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या तोंडाला तोंड लावून मांडल्या. आजीला एकीवर बसवलं, डेल्मरला बाहेरून हाक मारली, दुसरीवर बसवलं. म्हटलं, "आता एकमेकांच्या डोळ्यांत बघा आणि मनात असेल ते बोला."

आजीने शाल डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढली. डेल्मरने टोपी नाकावर घेतली, उठला. दाराच्या वाटेत आजी. मग तो खिडकी उघडून बाहेर! सहा फुटी माणूस, तोंडावर बर्फात! बिस्किट नावाचं त्यांचं कुत्रं आनंदाने त्याच्या पाठीवर चढलं.

शालीतून आवाज आला, "पोरी, तुला वाढवलं कुणी?"

"शहराने," मी म्हटलं.

शाल खाली सरकली. मग, "बस. कॉफी घे. तो माझा जावई आहे. माझा मान ठेवतो. डोळे वर करून बडबडायला लागला, तर मान राहिला कुठे?"

आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत सासू-जावयाच्या या रीतीवर दोन पानं लिहिली होती. पैकीच्या पैकी मार्क! पण बघितलं कधी नव्हतं. आमच्या घरात सासूच उरली नव्हती.

११ फेब्रुवारी

एमरीला कळलं. आज वर्गात माझी खुर्ची खिडकीला टेकवून ठेवलेली. "दार बंद असलं तर पंचाईत नको." मेला!

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, सूप वाढताना तोंडातून निघून गेलं. बाबा एवढे हसले की चमचा खाली पडला. "खिडकीतून?" तीनदा विचारलं. बाबांना असं हसताना मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात नाहीत, तेही आज कळलं.

मग डोळे पुसून म्हणाले, "सासू चांगली असली ना, की माणूस एवढी लाज धरतो." आणि वाडग्यात बघत बसले.

लगेच निघाले नाही. अजून एक वाडगा वाढला.

४ मार्च

आता मी ओपल आजीकडे जाऊन गुपचूप एका कोपऱ्यात बसते. दोघांचं बोलणं दिवसभर चालतं — कुत्र्यामार्फत.

"बिस्किट, तुझ्या मालकिणीला सांग, लाकडं फोडून झाली."

"बिस्किट, त्या माणसाला सांग, सूप चुलीवर आहे. आणि कान झाकून फिर म्हणावं, म्हातारी अजून किती जणांना काढे पाजणार!"

बिस्किट घोरत असतं.

आज आजीने डिसेंबरची गोष्ट सांगितली. तिला न्यूमोनिया झाला, बाहेर वादळ, हॉस्पिटल नव्वद मैल. डेल्मरने गाडीत पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे तिचीच, मधोमध मोठा तारा शिवलेली गोधडी टांगली. पुढे तो, मागे ती. "रस्ताभर मोठ्याने गात होता, तो जागा आहे हे मला कळावं म्हणून. मी खोकत होते, मी जिवंत आहे हे त्याला कळावं म्हणून."

ह्याला वैर म्हणतात होय?

२० मार्च

अहवाल अकरा पानी झाला. बाईंनी चार केला. "संस्कृती हा शब्द नऊ वेळा आलाय. काढ. गोधडी ठेव."

खाली सही केली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. पाकिटाचं विचारलं मात्र नाही.

८ एप्रिल

कोर्ट झालं!

जज वाळकुडा, चष्म्यावरून बघणारा. शहराची वकीलबाई म्हणाली, "हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. पोरगं आजारी पडलं तर काय करणार?" माझ्या पाचावर धारण बसली. ओपल आजी उठली आणि गोधडीची गोष्ट सांगितली. सगळी, गाण्यासकट. डेल्मर तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

जज त्याला म्हणाला, "तुम्हाला यांना काही सांगायचंय?"

डेल्मर माझ्याकडे वळला. "फिलो, त्यांना सांग, पोरांच्या खाटा झाल्या करून."

आजी माझ्यापासून दोन हातांवर. तरी वळले आणि सांगितलं. "आजी, खाटा झाल्या."

"त्याला सांग, माहितेय. अंथरुणं मीच घातलीत."

तेही सांगितलं. मागे एमरी फिसकन हसला. जजने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शनिवारी पोरं घरी," म्हणाला.

मी कोर्टात रडले. हे अहवालात लिहायचं नाही!

१२ एप्रिल, शनिवार

आली! दोघंही आली!

अख्खं कॉलेज अंगणात. फ्राय ब्रेडचे, म्हणजे तळलेल्या पावांचे डोंगर, चोकचेरीच्या रानफळांच्या गोड रसाचं पातेलं, आजीच्या सगळ्या बहिणी — म्हणजे पोरांच्या सगळ्या आज्याच. शायला पहिल्यांदा नुसती आजीची शाल धरून उभी होती. टेटने अर्धा तास सगळं बघून घेतलं आणि मग कुत्र्यापुढे जाऊन बसला. "बिस्किट, बाबांना सांग, मला अजून एक पाव पाहिजे." डेल्मर हसता हसता खाली बसला आणि उठेचना.

जेवणं झाल्यावर आजीने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर गोधडी घातली. गाडीतली, तीच! "आता कुणी विचारलं, वाढवलं कुणी, तर माझं नाव सांगायचं."

जाताना आल्विनाबाई कानाशी हळूच म्हणाल्या, "आता वाच." मी वाचलं नव्हतं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं तर!

१५ एप्रिल, मंगळवार

पाकीट उघडलं. १९७७. मला का नेलं त्याचं कारण एका ओळीत: "जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघत नाही. घरात वैर."

बाबा!

आज रविवार नाही. तरी निघालेय.