फोनवर सगळे बरे आहेत

ब्लांटायर, २० ऑक्टोबर

ती. एस्नार्टताईस, सा. न. वि. वि.

मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली रताळी पोचली. उकडली मैत्रिणीनं, मी उभ्याउभ्याच खाल्ली. ड्यूटी संपत नाही, पाय सुजलेत.

पुढच्या महिन्यात आमचा संशोधन दिन. सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येकाला आपलं संशोधन सगळ्या सरांपुढे मांडावं लागतं. ते मान्य झालं तरच शेवटच्या परीक्षेला बसता येतं. टायफॉइडनं आतडं फुटून ऑपरेशन झालेली माणसं वर्षभरानं कशी आहेत, हा माझा विषय. जी तपासायला परत आली नाहीत, त्यांच्या घरी मी फोन केले. जवळजवळ सगळे बरे आहेत. माझे मार्गदर्शक चिरांबो सर खूश आहेत, म्हणतात श्रीमंत देशांतही इतके चांगले निकाल लागत नाहीत. तेव्हापासून मला झोप नाही. पुन्हा पुन्हा तपासलं, चूक सापडत नाही.

मामांचा खोकला कसा आहे? फोन केला की मामी म्हणतात, झोपलेत. गोळ्या चुकवतात का, खरं सांग.

लोभ कमी करू नकोस.
तुझी अलिनाफे

न्चेऊ, ३० ऑक्टोबर

चि. अलिनाफे, अनेक आशीर्वाद.

प्रौढांच्या वर्गात गिरवलेलं अक्षर आहे, डॉक्टरीणबाईंनी हसू नये. तू माणसांची पोटं फाडतेस आणि चार म्हाताऱ्यांपुढे बोलायला घाबरतेस, हे इथे कुणाला खरं वाटणार नाही.

मामा बरे आहेत. काळजी करू नकोस, आणि आत्ता येऊही नकोस. एकदाची पास हो. माझ्या थोरलीची शाळा फीपायी अडली आहे, तुझ्या पगाराकडे सगळ्यांचे डोळे आहेत. आम्हीही थकलो गं.

जेवत जा. माया आहेच, ती काय लिहायची.
एस्नार्ट

ब्लांटायर, ७ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल ओपीडीत आपल्या गावच्या नासिबेको आजी जखमेची पट्टी बदलायला आल्या. माझे हात धरून मामांसाठी रडल्या. मला ठाऊक असणार, असंच त्या धरून चालल्या होत्या. मी कात्री हातात घेऊन मान हलवत राहिले. म्हणजे मी तुला त्यांच्या खोकल्याचं विचारलं, तेव्हाच मामांना पुरून झालं होतं.

रागावले नाही. आपल्याकडे मरण फोनवरून किंवा पत्रातून कुणी कळवत नाही, दूर एकट्या राहणाऱ्या मुलीला तर नाहीच. माणूस घरी येतो, बसतो, मग मोठी माणसं सांगतात. मीही तेच केलं असतं.

पण ताई, मी त्या सगळ्या घरांना फोन केले. अनोळखी आवाजात विचारलं, तुमचा माणूस कसा आहे. त्यांनी मला तेच सांगितलं असेल जे तुम्ही सांगितलंत. परक्या देशातल्या डॉक्टरला हे कळलं नसतं तर चाललं असतं. मी इथली आहे.

सरांना सांगितलं.  ते म्हणाले, सगळे फोनच करतात, तू आहे तेच मांडून मोकळी हो. माघार घेतली तर आणखी एक वर्ष जाईल. थोरलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. काय करू?

माझ्यावर माया ठेव, आत्ता जरा जास्तच.
अलिनाफे

ब्लांटायर, १६ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी वेळेवर मिळाली. तू लिहिलंस, आहे तेच मांडून टाक, मेलेल्यांना काय फरक पडतो. तुझं चुकलं नाही. पण माझ्याच्यानं झालं नाही.

ज्यांना मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं तेवढीच माणसं मांडली. बाकीच्यांचं माहीत नाही, असं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका सरांनी चिडून विचारलं की फोन केले होते ना, मग माहीत कसं नाही. मी म्हटलं, "सर, माझ्या मामांना जाऊन महिना उलटला. फोनवर ते अजून बरे आहेत."

 तिथे बसलेल्या सगळ्यांनाच अशी घरं आहेत. संशोधन मान्य झालं नाही. बाहेर चिरांबो सर म्हणाले, घरोघर जा, पुढच्या वर्षी मांड. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, मीही आयुष्यभर फोनच केले.

थोरलीची शाळा आणखी एक वर्ष मागे पडली. ते माझ्यामुळे, हे मला कळतं. तू रागाव, पण लोभ तोडू नकोस. तो आता आणखी वर्षभर पुरवायचा आहे.

शनिवारच्या बसनं येते. मामींना म्हणावं, अलिनाफेला अजून काही माहीत नाही.

तुझी
अलिनाफे