दगडाखालचा कान

मु. कांगिलेक, उपेर्नाविकच्या वरच्या अंगाला
सप्टेंबरअखेर

माझे एकुलते एक शालक श्री. होसेया यांस साकेउस ग्रिम याचा सस्नेह नमस्कार.

येथील सर्व मंडळी, दोन कुत्री वगळता, कुशल आहेत. (कुत्र्यांनी कोणाचे तरी कातडी बूट खाल्ले आहेत, बूट कोणाचे, याचा वाद अद्याप मिटलेला नाही.) तुमचे गुडघे, तुमच्या मेंढ्या आणि तुमचे शुद्धलेखन यांची प्रकृती कशी आहे, ते सविस्तर कळवावे. पैकी तिसऱ्याची मला काळजी वाटते. तुमच्या गेल्या पत्रातील एक वाक्य क्रियापदाविना संपले आहे. क्रियापद पुढच्या पानावर येईल या आशेने मी ते पुन्हा वाचले. ते आले नाही, त्याऐवजी पत्रासोबत मेंढीची धुरावलेली तंगडी आली. तंगडीबद्दल मनःपूर्वक आभार. तिच्यामुळे माझ्यावर जो प्रसंग ओढवला, तो योग्य ठिकाणी येईल.

तुम्ही जुलैत तुमच्या बहिणीच्या थडग्यावरचा क्रूस रंगवून दक्षिणेला परतलात, त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या खाडीत निळ्या रंगाचे एक संशोधन-जहाज येऊन नांगरले. या उत्तरेच्या समुद्रात कोणते जीव राहतात, कोणते नव्याने राहायला आले आणि कोणते कोणालाही न सांगता निघून गेले, याची दरवर्षी त्याच त्या ठिकाणी येऊन नोंद घेणे, हा त्या मंडळींचा उद्योग आहे. (थोडक्यात, हजेरी. मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली. पण माझे विद्यार्थी नाव पुकारल्यावर निदान 'हजर' म्हणत. समुद्रतळावरच्या गोगलगायीकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.) त्यांचे प्रमुख प्राध्यापक ब्रुसगोर हे कोपनहेगनचे उंच, सौम्य आणि सदैव ओले असे गृहस्थ आहेत. प्राण्यांची आमच्या भाषेतील नावे अचूक लिहून घेण्यासाठी त्यांनी एक जाणकार मागितला, आणि गावाने एकमुखाने मला पुढे केले. 'एकमुखाने' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. कारण मी जहाजावर असेपर्यंत गावात कोणाचीही वाक्ये दुरुस्त होणार नाहीत, या विचाराने मंडळी हरखली होती, असे मला नंतर समजले.

प्राध्यापकांच्या हाताखाली सिबिल्ला आहे. (ती कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरीही विधान पूर्ण असावे म्हणून लिहितो.) तुमची बहीण, म्हणजे माझी पत्नी, आपल्याला सोडून गेली, त्याच हिवाळ्यात उइलोकच्या घरी जी मुलगी जन्मली आणि रीतीप्रमाणे जिला गेलेल्या बाईचे नाव दिले गेले, तीच ही. नाव मिळाले म्हणजे नातीही मिळाली. त्यामुळे समुद्रजीवांचे शिक्षण घेऊन परतलेली ही तरुणी नात्याने माझी बायको आणि तुमची थोरली बहीण लागते, आणि यांपैकी एकही अधिकार ती सोडत नाही. पहिल्याच दिवशी तिने भर धक्क्यावर मला हाक मारली, "अहो, कानटोपी कुठाय? मी काय काळजीनं दुसऱ्यांदा मरू?" सबंध धक्का हसला. प्राध्यापकांनी अत्यंत आदराने विचारले, की आपला विवाह केव्हा झाला. मी खरे तेच सांगितले, की हिच्या जन्माच्या बऱ्याच आधी. त्यानंतर काही दिवस त्यांनी मला केवळ माशांविषयीच प्रश्न विचारले.

जहाजावरचे काम असे, की जाळे तळावरून ओढत आणायचे, फळीवर रिते करायचे, आणि त्या थंडगार चिखलातून एकेक जीव निवडून ताटलीत ठेवायचा. मी शेजारी बसून नाव सांगायचे. परंतु कित्येक जीवांना आमच्या भाषेत नावच निघाले नाही. जे खाता येत नाही, जे चावत नाही आणि ज्याची गोष्ट सांगता येत नाही, त्याला नाव देण्याची तसदी आपल्या पूर्वजांनी घेतलेली दिसत नाही. मला याचे वाईट वाटले. इतक्या पिढ्या आपल्या होड्यांच्या खाली राहिलेल्या शेजाऱ्यांना आपण एकदाही हाक मारली नाही, आणि आता ते निघून गेले तर कोण गेले, हेही आपल्याला सांगता येणार नाही. उलट, एके दिवशी जाळ्यात दक्षिणेकडचा बांगडा आला, जो माझ्या लहानपणी येथे कोणी पाहिला नव्हता. जहाजाची लहान होडी आमचा पावियाक चालवत असे (गावातील पहिल्या प्रतीचा शिकारी आणि शेवटच्या प्रतीचा विद्यार्थी). त्याने बांगड्याला शेपटीला धरून उंच केले आणि म्हणाला, "काय पाहुणे, जेवून जाणार की मुक्काम ठोकणार?" सगळे हसले, मीही हसलो. पण घर उबदार झाले म्हणून जो पाहुणा येतो, त्याच्यामागून घरातले कोण बाहेर पडते, हा विचार मला रात्रभर पुरला.

आता तंगडी. समुद्राचे पाणी बाटलीत भरून यंत्रात घातले की तेथून कोणता प्राणी पोहून गेला, हे त्याने सोडलेल्या अंशावरून कळते, ही विद्या तुम्हाला ठाऊक नसेल. एका दुपारी बाटल्या भरण्याचे काम माझ्याकडे होते, आणि दुसऱ्या हातात मधल्या वेळच्या खाण्यासाठी तुमची तंगडी होती. संध्याकाळी यंत्राने निकाल दिला, की आमच्या खाडीत काळा हॅलिबट, सील, ध्रुवीय कॉड आणि मेंढ्या राहतात. प्राध्यापकांनी तो निकाल उलटसुलट करून पाहिला. सिबिल्लाने निकालाकडे पाहिले नाही. तिने माझ्या मिशीकडे पाहिले. मला बाटल्यांवरून हलवण्यात आले. (असे असले तरी, मेंढी या शब्दाचे अनेकवचन यंत्राने अचूक केले होते, हे नमूद केले पाहिजे.)

परंतु या सर्व मंडळींचे खरे लक्ष एका वस्तूकडे होते. गेल्या शरदात त्यांनी खाडीच्या तोंडाशी पिंपाएवढे एक पिवळे यंत्र पाण्यात नांगरून ठेवले होते. बर्फाखाली सबंध हिवाळाभर जो जो प्राणी आवाज करील, तो तो त्या यंत्रात साठवला जावा, अशी योजना होती. गावाने त्याला 'कान' असे नाव दिले. या कानावर आमचे बरेच काही अवलंबून आहे. विमानातून नारव्हाल, म्हणजे आपले लांब सुळ्याचे देवमासे, मोजणाऱ्यांना गेल्या वर्षी आमच्या खाडीत जवळपास एकही सापडला नाही (त्या आठवड्यात धुके इतके होते, की त्यांना गावही सापडले नसते), आणि या नाताळापूर्वी राजधानीत जी समिती बसेल, ती त्या मोजणीवरून आमची नारव्हालची शिकार बंद करणार आहे. पावियाकला हॅलिबटच्या मासेमारीवर पोट भरता येईल; पण त्याच्या बापाने ज्या कड्यावर बसून वाट पाहिली, तेथे बसण्याचे त्याला काही कारण उरणार नाही. प्राध्यापकांचे म्हणणे असे, की कानात नारव्हालांचे आवाज असतील तर ते स्वतः समितीपुढे जाऊन ते ऐकवतील. आणि वसंतात बर्फ फुटताना दोर तुटून कान नाहीसा झाला होता.

त्यांनी महिनाभर शोध घेतला. जहाजावरच्या उपकरणांनी तळ पाहिला, होड्यांनी बेटे पाहिली. शेवटी त्यांनी गावाची सभा बोलावली आणि मी त्यांचा प्रश्न निर्दोष भाषेत विचारला, की यांची हरवलेली पिवळी वस्तू कोणाला कोठे दिसली आहे काय. सर्वांनी शांतपणे विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले, की नाही. मीही नाही म्हणालो.

पुढच्या रविवारी आम्ही प्राध्यापकांना घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर काळी बोरे वेचायला गेलो. हवा छान होती. सिबिल्लाच्या आईने, उइलोकने, कॉफी ओतली. प्राध्यापक फार खिन्न दिसत होते, म्हणून मी त्यांना धीर देत होतो, की समुद्र घेतो ते कधीतरी परत करतो. मी बोलत असता ते माझ्याकडे पाहता पाहता माझ्या पाठीमागे पाहू लागले, आणि त्यांच्या हातातील पेला कलला. माझी पाठ कानाला टेकलेली होती. कॉफीचा थर्मासही त्याच्यावरच होता.

"हेच ते!" प्राध्यापक ओरडले.

"हे होय?" उइलोक म्हणाली. "हे कुठं हरवलंय? याच्यावर दगड आहे की!"

होसेया, हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. परंतु प्राध्यापकांना समजावताना मला घाम फुटला. येथे झाड उगवत नाही. जे लाकूड मिळते ते समुद्र कोठून तरी वाहून आणतो. ज्याला ते सापडेल, त्याने ते भरतीच्या रेषेच्या वर ओढून त्यावर दगड ठेवला, की ते त्याचे. मग तो उद्या येवो वा दहा वर्षांनी येवो, दुसरा कोणी त्याला हात लावत नाही. समुद्राने आणलेल्या इतर वस्तूंनाही हाच न्याय. सबंध उन्हाळाभर प्रत्येक शिकारी आणि बोरे वेचणारी प्रत्येक बाई कानाजवळून गेली होती, आणि प्रत्येकाने दगड पाहून सभ्यपणे नजर वळवली होती. दगड असलेली वस्तू हरवलेली कशी म्हणावी?

प्राध्यापक म्हणाले, की यंत्र त्यांच्या संस्थेचे आहे, त्यावर क्रमांक कोरलेला आहे. "क्रमांक माझ्या शिवणयंत्रावर पण आहे," उइलोक म्हणाली, "म्हणून काय ते कारखान्याचं झालं?" तेव्हा त्यांनी सिबिल्लाला सांगितले, की तू वैज्ञानिक आहेस, तू उचल तो दगड. ती पुढे झाली. तिने हात लांब केला, आणि मग तो हळूच खिशात घातला. "मी उचलला," ती म्हणाली, "तर मला इथं मोजायला येता येईल, सर. राहायला नाही येता येणार." प्राध्यापकांनी अखेरीस पावियाककडे पाहिले. ज्याचे सर्वांत जास्त नुकसान होणार होते, तो हाच, आणि त्यांना वाटले की हा तरी उचलील. "आज मी हा उचलला," पावियाक म्हणाला, "तर उद्या माझ्या लाकडावरचा कोण मानील? नारव्हाल गेले तर गेले. हे पण गेलं तर मग इथं आमचं राहिलं काय?"

परतताना होडीत मी त्याला विचारले, की कान मिळाला आणि त्यात नुसती शांतता निघाली तर? तो म्हणाला, "मग मास्तर, ती शांतता पण आपणच आधी ऐकायला हवी. दुसऱ्यानं येऊन सांगण्यापेक्षा." या वाक्यात मला दुरुस्त करण्यासारखे काहीही आढळले नाही. असे माझ्या आयुष्यात त्याच्या बाबतीत प्रथमच घडले.

जहाज गेले. प्राध्यापकांनीही दगडाला हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. कान मिळालाच तर तो शेवटच्या मालवाहू बोटीने न्यावा, म्हणून सिबिल्ला मागे राहिली आहे. त्या बोटीनंतर समुद्र गोठेल. बाकी येथील हकिकत विशेष नाही. मेंढ्यांना आमचा नमस्कार सांगावा, आणि थंडीत गुडघे झाकून ठेवावेत.

आपला,
साकेउस ग्रिम

ता. क. – दगड तुमचा आहे. जुलैत तुम्हाला त्या किनाऱ्यावर पावियाकने नेले होते, आणि तुम्ही दगड ठेवताना तो होडीतून पाहत होता. तो ही गोष्ट आपण होऊन बोलला नाही. मी फार खोदून विचारले तेव्हा सांगितले. परतताना तुम्ही त्याला जे म्हणालात, तेही त्याने सांगितले: "ताई गेली, घर पडलं. इथं माझं म्हणून काही राहिलं नव्हतं. आता आहे." या वाक्यामुळे या पत्राचे चार खर्डे झाले, आणि मूळ गोष्ट पत्रात न येता येथे आली.

ता. क. दुसरा – मी तुम्हाला मागच्या आठवड्यात दूरध्वनी केला होता, तो याचसाठी. मी विचारले, की दगड काढावा काय. पलीकडून काहीच ऐकू आले नाही. तुम्ही होकारासाठी भुवया उंचावल्या, की नकारासाठी नाक मुरडले, हे मला येथून कसे दिसावे? आपल्या लोकांनी दूरध्वनी वापरू नये, या मताला मी आलो आहे. कारण त्या शांततेला मीही बराच वेळ भुवया उंचावून उत्तर देत होतो. सिबिल्ला मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, त्या फोनला तोंड दाखवून काय उपयोग? धाकट्याला लिहा, ताई विचारतेय म्हणावं." तेव्हा होय असो वा नाही, कागदावर कळवावे. नाही असेल, तर दगड तसाच राहील आणि येथे कोणी तुम्हाला दोष देणार नाही. हे मी सबंध गावाला विचारून लिहीत आहे.

ता. क. तिसरा – काल पावियाक त्या किनाऱ्यावर जाऊन आला. कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीच्या खालच्या पट्ट्यांसाठी त्याने जपून ठेवलेला सरळ, लांब ओंडका त्याने होडीमागे ओढत नेला आणि कानाच्या शेजारी, भरतीच्या रेषेच्या वर आणून टाकला. त्याने त्यावर आपला दगड ठेवलेला नाही. तुमचे होय आले, तर कान निघेल, आणि तुमचा दगड त्या ओंडक्यावर जाईल. तो ओंडका न्यायला तुम्ही केव्हा येणार, असे तुम्हाला कोणी विचारणार नाही. लाकूड चांगले आहे. पुष्कळ वर्षे टिकेल.