सगळ्यात मोठं आमेन

कोल्हार, बुधवार

प्रिय सविता,

काष्टीला भावाकडं जाऊन तुला सात महिने झाले. मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. आता पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आमचे कारभारी ठणठणीत आहेत. चहा गार झाला की अजून असे बघतात, जणू मी धरणच फोडलं.

आपले शुक्रवार आठवतात? उपास-प्रार्थना म्हणून घरोघरची चूल बंद आणि बायका दिवसभर प्रार्थनाघरात. नवऱ्यांना वाटायचं, बाया गुडघ्यावर आहेत. होतोच की, दुपारपर्यंत. मग तू तुझं जुनं शिलाई मशीन उघडायचीस आणि आम्ही अकराजणी उपाशीपोटी काजं करायला शिकायचो. बायडाबाईंनी पहिल्याच गणवेशाची बाही उलटी लावली आणि वर म्हणाल्या, "देवाला सुलट दिसतीया ना, मग झालं!" शाळेला मात्र उलटीच दिसली. आज नऊ मशिनं आहेत, तीन शाळांचे गणवेश आहेत. बायडाबाईंनी स्वतःच्या कमाईवर डोळ्याचं ऑपरेशन केलं; तेव्हापासून आम्हा सगळ्यांचे दोष त्यांना फारच स्पष्ट दिसतात.

पण पास्टर मच्छिंद्रना पुन्हा तोच दृष्टांत झालाय, ज्याला तू नाही म्हणाली होतीस. आपलं शिवणकेंद्र त्यांच्या जावयानं, करणनं चालवावं म्हणे. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याचंच नाव देवाला दोनदा सुचावं! गेल्या शुक्रवारी त्यानं प्रार्थनाघरातल्या शिवणाच्या खोलीला स्वतःचं कुलूप घातलं. आम्ही पायरीवर बसून प्रार्थना केली. येत्या रविवारी उपासना संपली की मशिनं त्याच्या गाळ्यात जाणार, टेम्पो ठरलाय. आम्ही तिथं रोजानं जायचं. कारभारी म्हणतात, "पास्टरच्या वाटेला जाऊ नको. मंडळीतून काढलं तर मेल्यावर माती द्यायला कोण येईल?" म्हटलं, मेल्यानंतरचं मेल्यावर बघू, आज माझे हात रिकामे झालेत.

आपल्या मंडळीत एकच गोष्ट पास्टरलाही थांबवता येत नाही: उभ्या राहिलेल्या बाईची साक्ष. ती रडो, पाल्हाळ लावो, म्हशीच्या दुखण्यावर अर्धा तास बोलो, मध्ये तोंड घालायचं नाही. रविवारी मी उभी राहणार आहे. पहिल्या मशीनपासून सगळं सांगणार. बायडाबाई म्हणाल्या, "तू बसलीस की मी उठते. माझ्यामागं बाकीच्या हायेत. बघू, टेम्पोवाला किती येळ थांबतोय!"

आता मुख्य सांगते, इतका वेळ टाळलं. तू गाव सोडण्याआधी, त्या रविवारी पास्टरांनी तुला भरसभेत उभं केलं, हिच्यात बंडाचा आत्मा शिरलाय म्हणाले आणि मंडळीकडून आमेन मागितलं. तुझी मान खाली होती, म्हणून तुला दिसलं नसेल. सगळ्यात मोठं आमेन माझं होतं. कापड बेतायचं काम तुझ्यानंतर मला देऊ, असं पास्टरबाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मिळालंही. तुझ्याच कात्रीनं बेतते. रविवारची माझी साक्ष इथून सुरू होणार आहे आणि ती तुझ्या पाठीमागं द्यायची नाही मला. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघ. माझ्याशेजारी बसू नकोस हवं तर, पण समोर बस. नाही आलीस तरी मशिनांसाठी मी उभी राहीनच. फक्त माझी साक्ष अर्धीच खरी असेल.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
जयमाला