कोपऱ्यावरचं दुकान दलाला मिळणार नाही

मी, या कोपऱ्यावरच्या शिवणदुकानाची मालकीण, माझ्यामागे कोणाला काय मिळावं हे आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मुद्दाम लिहायचं कारण, मी डोळे मिटताच माझा भाचा मला भ्रमिष्ट ठरवणार आहे. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. देशाचा कारभार कोण चालवतं, असं त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, वर माझं मतही सांगितलं. "पुरे बाई, डोकं अगदी ठिकाणावर आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, असंही लिहायची रीत आहे. दडपण भरपूर आलं. मी त्याला भीक घातली नाही.

मला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला. रक्ताचा म्हणावा असा हा भावाचा मुलगा, आणि रक्त हाच त्याचा धंदा आहे. तो वंशरक्षक दलाचा पथकप्रमुख आहे.

१. दुकान. भाच्याला ते दलाच्या कचेरीसाठी हवं आहे. "आत्या, तुझ्यामागे इथे आपला झेंडा लागेल," असं तो माझ्याच खुर्चीत बसून मला सांगतो. तरी दुकान, यंत्रं, कात्र्या आणि गिऱ्हाइकं मी माझ्याकडे काज-बटणं करणाऱ्या बाईला देते. ती लहानपणी आईचं बोट धरून समुद्रापलीकडून आली. तिचा काळा रंग दलाच्या डोळ्यांत खुपतो. असली माणसं आपली कामं हिरावतात, असं दलाचं पत्रक म्हणतं. तिने हिरावलेलं काम म्हणजे काज. ज्याला ते परत हवं असेल त्याने सुई घेऊन यावं. अजून एकही वीर फिरकलेला नाही.

तिला हे सांगितलं तेव्हा ती हरखली नाही. "मावशी, माझ्या नावावर झालं तर जाळतील हो."

"विमा उतरवलाय," मी म्हटलं. "आगीचासुद्धा."

ती हसली नाही. दलाच्या मागच्या मोर्चात आमची काच फुटली आणि एक तुकडा तिच्या कपाळात घुसला होता. पट्टी बांधून ती दुपारी पुन्हा त्याच खिडकीत काजं करायला बसली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तितकीच भीती वाटली. माझा निर्णय तेव्हाच झाला.

२. कोट. हा दलाचा राखाडी कोट माझ्या वडिलांचा. दलावर बंदी आली आणि कोट ट्रंकेत गेला. मग माझ्या भावाने 'संस्कार मंडळ' काढलं. माणसं तीच, कोट तोच. त्यावरही बंदी आली. भाच्याने तर लाजलज्जा गुंडाळून जुनंच नाव परत घेतलं. दर वेळी सरकारने पाटी उतरवली, ट्रंक उघडून कोणी पाहिली नाही. भाच्याच्या पोटावर कोट बसेना, म्हणून तो माझ्याकडे आला. "जरा सैल कर ना, आत्या." मी म्हटलं, शिवणीत आत दाबलेलं कापडच उरलं नाही. खरं तर चांगलं बोटभर होतं. तेव्हापासून तो मोर्चात श्वास रोखून चालतो. कोट त्यालाच लखलाभ.

३. शटर. हे शेजारच्या किराणावाल्याला. मोर्चाच्या दिवशी मी माझं कधी ओढलं नाही, त्यामुळे ते कोरं करकरीत आहे. तो मोर्चाची चाहूल लागताच आपलं ओढून घेतो, बिचाऱ्याला एक पुरत नाही.

४. खुर्च्या. सगळ्या सलोखा समितीला. आमची काच फुटल्यावर समितीने तीव्र निषेध केला, चहा घेतला आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवली. मात्र त्यातल्या निवृत्त मास्तरीणबाई मोर्चानंतर भिंतींवरच्या शिव्या एकट्या खरवडत बसतात. त्यांना माझी शिडी द्यावी, आणि ती धरायला समितीतलं कोणीतरी उठावं.

५. वरच्या दोन खोल्या. हे कलम आज बदललं, ते असं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टर. दुसऱ्यासाठी मी सगळी गल्ली पालथी घातली. माझ्याबद्दल आदर सगळ्यांना आहे, सही करायला मात्र कोणाचा हात धजेना. शेवटी भाच्याची मुलगी आली, यंदाच सज्ञान झालेली. तिने पहिल्यापासून सगळं वाचलं, बापाबद्दलचंही.

"आजी, मी करते सही."

या खोल्या मी तिच्याच नावे लिहिल्या होत्या. बापाचं घर सोडायची वेळ आलीच, तर पोरीच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून. वकिलांनी बजावलं की साक्षीदाराला वारसा मिळत नाही. सही किंवा खोल्या, काहीतरी एकच.

"तू खोल्या घे गं," मी म्हटलं. "साक्षीदार मी दुसरा शोधते."

"कुठून?"

मी गल्लीतली घरं पुन्हा बोटांवर मोजायला लागले.

"बाबा तुला वेडी ठरवायला कोर्टात जाणारच," ती म्हणाली. "तिथे उभं राहून, हे खोटं आहे, असं म्हणणारं घरातलं कोणीतरी नको का?"

मी कलम खोडलं. वरच्या खोल्याही आता काज करणाऱ्या बाईच्या.

हे सगळं मी वाचून, समजून आणि डोळे पुसून साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: माझं कापड बेतायचं टेबल
दिनांक: मोर्चाचा आदला दिवस

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिले: डॉक्टर. पत्ता: दवाखाना, समोरचा रस्ता.

साक्षीदार दुसरी: पथकप्रमुखांची मुलगी. पत्ता: वडिलांचं घर, तूर्तास.

('तूर्तास' हा शब्द मी सांगितलेला नाही. तो तिने आपल्या हाताने लिहिला.)