काटकोनासमोरचा दानशूर

सोमवार, ४ ऑगस्ट

नळ आला. पाणी भरून कंबर गेली! त्यातच पेपरच्या रविवार पुरवणीच्या सुदर्शनचा फोन — "मॅडम, या रविवारचं शब्दकोडं भूमितीवर द्या ना. त्रिकोण, आयत... पोरांना मजा येईल."

मजा! भूमिती ह्यांची. पडेगावच्या शाळेत जन्मभर तीच शिकवली. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पडल्या पडल्या भिंतीकडं बघत असतात. कळतं की नाही, डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पुण्याहून प्रेरणाचा फोन. हात कणकेत, म्हणून स्पीकरवर टाकला. "आई, बाबांना आता काहीच कळत नाही गं. एखाद्या संस्थेत ठेवू. तुझे हाल बघवत नाहीत मला."

"ठेव बाई कुठंही," म्हटलं. "सुटतील ते एकदाचे. मीही सुटेन."

पोळ्या केल्या. तीन करपल्या.

बुधवार, ६ ऑगस्ट

त्रिकोण — 'तिघांत विचारलेला प्रश्न'. बरं जमलं!

आयत — 'न राबता मिळालेलं, अनुस्वार पुसून'. चालेल.

पुढं डोकं चालेना. आडवी झाले.

गुरुवार, ७ ऑगस्ट

दुपारी ह्यांना मऊ भात भरवत होते. ह्यांना आंघोळ घालायला येते ती भामाबाई कपड्यांच्या घड्या करत होती. पूर्वी कोड्याची प्रत्येक ओळ ह्यांच्यावरच तपासून बघायचे. त्या सवयीनं मोठ्यानं बोलून गेले — "काटकोनासमोर ठाकलेला दानशूर. दोन अक्षरं."

ह्यांनी डावा हात उचलला. हळूहळू वर नेला, कानाला लावला.

"सरांचा कान दुखतोय व्हय?" भामाबाई म्हणाली.

कानात बघितलं. काही नाही. हात तिथंच, नजर माझ्यावर. आणि उमजलं — कर्ण! काटकोनासमोरची बाजू कर्ण, दानशूर तो कर्ण, आणि कान म्हणजेही कर्णच!

"कळतंय तुम्हाला?"

पापण्या मिटल्या. उघडल्या.

घास हातातच राहिला. भामाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सर बोलले की वो, बाई!"

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सकाळी चहा करताना लक्षात आलं. कळतंय — म्हणजे मंगळवारचंही कळलं.

जवळ जाऊन बसले. "दमून बोलले हो मी ते."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. उठले नाही मी. चहा गार झाला दोघांचाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

प्रेरणाचा फोन. "मग, बाबांचं काय ठरवलंस?"

फोन ह्यांच्या उशीशी ठेवला. म्हटलं, "त्यांनाच विचार."