यादीतलं तुहं नाव

रामीबाईले विमलचा राम राम. पुसदले तू, लेक, सून, नातवंडं सारे मजेत असान. (सुनेच्या हातची भाजी गोड मानून खात जाय. तिखट कमी म्हणून तिच्यासंगं भांडू नोको.) इकडे आम्ही सारे खुशाल, असं पत्रात लिवा लागते म्हणून लिवलं. खरं असं हाय का मले टीबी झाला. बस खाली, रडू नोको. दोन महिने झाले गोळ्या सुरू होऊन, अन् आता अशी भूक लागते का आमचे हे एकदा भाकरीच्या टोपल्याकडे पाह्यते अन् एकदा माह्याकडे.

तं झालं असं, राळेगावच्या दवाखान्यातली प्रेरणा सिस्टर घरी आली. म्हणे, तुमच्या संगं उठणं-बसणं कोणाकोणाचं, त्या साऱ्यायले तपासा लागते. आता आपला ओटा तुले माहीत हाय, चहाचं गंज चुलीवरून उतरत नव्हतं. पण सिस्टर गावात फिरली अन् काय मज्जा सांगू! पाटलीण म्हणे, मी तं विमलचा उंबरासुद्दा पाह्यला नाही. (माही पितळी परात मागच्या दिवाळीपासून तिच्याच घरी हाय. पाय फुटले असतीन परातीले.) शेजारीण म्हणे, आमचा दुरूनच राम राम. तिच्या पोरीचं लगन जमून राह्यलं, भेली बिचारी. पण रोज माह्या चहावर जगलेलं गाव, अन् एका दिवसात कोणी वळखच देईना! लय वाईट वाटलं वं. त्या दिवशी मी चहाच मांडला नाही.

मंग राह्यले आमचे हे, किसनराव. यायचा खोकला तंबाखूचा, जुना, तुले ठाऊकच हाय. तरी सिस्टरनं यायले एक डबी देल्ली, अन् समजावून सांगतलं का सकाळी उठल्याबरोबर खाकरून यात थुंका अन् आणून द्या. यायनं डबी उलटीपालटी करून पाह्यली. झाकण घट्ट, खिशात बरोबर मावते. झालं! तंबाखू-चुना भरून तीन दिवस गावभर मिरवले. चौथ्या दिवशी सिस्टरनं डबी मागतली, तं यायनं मोठ्या मनानं उघडून तिच्यापुढे धरली, घ्या म्हणे, मळलेलीच हाय. मले हसू आवरेना, हसता हसता खोकला आला, अन् हे म्हणते पाहा सिस्टर, खोकला हिलेच हाय, मले कायले तपासता! दुसऱ्या डबीवर मीच नजर ठेवून बसली. रिपोर्ट चांगला आला यायचा. जीव भांड्यात पडला.

आता तुह्या नावाचं सांगतो. सिस्टरनं विचारलं होतं, रोज कोणापाशी बसता, कोणासंगं बोलता? माह्या तोंडातून निंगालं, रामीबाई. तिनं लिवून घेतलं. पत्ता पुसला, पुसदचा पत्ताही सांगून मोकळी झाली. मंग ध्यानात आलं का तुले जाऊन दोन वर्सं झाले. कापसानं हात टेकवले, तुमचा तांडा अर्धा खाली झाला, तूही लेकापाशी गेली. पण मी खोटं नाही बोलली. वावरात पाय ठेवला का माहं तुह्यासंगं सुरूच असते, पाटलिणीचं, परातीचं, यायच्या डबीचं. तू हुंकार देत नाही, येवढंच. तुह्याबिगर करमत नाही वं. समोर असती तं हे मले बोलता आलं नसतं, म्हणून लिवून टाकलं.

तं आता पुसदच्या दवाखान्यातले लोक तुह्या दारी येतीन. सुनेले आधीच सांगून ठेव. नाही तं असं कर, तपासाले इकडेच निंगून ये. आमची सिस्टर सुईसुद्दा हळू टोचते.

तुही,
विमल

ता.क. पुढच्या सोमवारी पहिल्या वेचणीच्या पूजेचं सीतादही हाय. आजूबाजूच्या वावरात सारं सोयाबीन, कापूस आमचाच तीन एकर. दहीभात शिंपडाले मी एकटीच.

आणखी एक. वर लिवलं त्यातलं सारंच खरं नाही. सिस्टरले मी कालच सांगून देल्लं का रामीबाई दोन वर्सांपासून इथं नाही. ती हसली, म्हणे येवढं जुनं चालत नाही, अन् तुहं नाव खोडलं. माही थुंकीही साफ आली, माह्यापासून आता कोणाले धोका नाही. म्हणजे तुह्या दारी कोणी येत नाही, अन् तुले तपासाचं काही कारण नाही.

तरी ये. वेचणीले माह्या बाजूची पात, ती ओळ, अजून तुहीच हाय. दोन्ही वर्सं तिच्यातला कापूस मी साऱ्यायच्या शेवटी वेचला.